विहिरीची पातळी वहीत कशी धरावी

विहिरीला पाणी किती, असं विचारलं की मी हाताने अंदाज दाखवायचो. वही केली तेव्हा कळलं, अंदाज दरवर्षी मीटर-दीड मीटर चुकत होता, आणि तोही नेहमी माझ्या सोयीच्या बाजूने.

आधी कठड्यावर छिन्नीने खूण करा. मी रंगाने केली होती. पुढे गिलाव्यात ती बुजली आणि जुन्या नोंदी कशाशी ताडायच्या तेच कळेना.

लोखंडी टेपच्या टोकाला ओळंबा बांधून शेवटच्या दोन मीटरांवर खडू फासा. टोक पाण्यात गेलं की खुणेवर पूर्ण आकडा धरा, समजा 18 मीटर. वर ओढल्यावर ओला खडू गडद दिसतो. तो 1.2 मीटरपर्यंत असेल, तर पाणी खुणेखाली 16.8 मीटरवर. लगेच पुन्हा एकदा मोजा.

मोजायचं पहाटे, रात्रभर मोटार बंद ठेवून. जमलं तर शेजारचीही. मोटार चालू असताना मिळते ती विहिरीची पातळी, बंद असताना मिळते ती जमिनीतली. महिन्यातून एक नोंद पुरते, पण पावसाच्या तोंडावरची आणि पाऊस सरल्यावरची चुकवू नका.

मग उपसा. 200 लिटरचं पिंप 25 सेकंदांत भरलं, तर तासाला 28,800 लिटर. मोटारीचे तास पातळीशेजारीच लिहा.

आता माझी झोप उडवणारं गणित. कठीण खडकात उपसता येईल असं पाणी शंभरात एक ते तीन भागच असतं. दोन धरा. हेक्टरभर जमिनीखाली पातळी एक मीटर उतरली, म्हणजे 2 लाख लिटर गेलं. शेतावर पसरलं तर ते जेमतेम 20 मिलिमीटर! मोकाट पाण्याची 60 मिलिमीटरची एक पाळी म्हणजे तीन मीटर. ते सगळं आपल्याच बांधाखालून येत नाही, म्हणून तर भांडणं होतात.

कायदाही याच भांडणात अडकलेला. ज्याची जमीन त्याचं पाणी, हे इंग्लंडच्या न्यायालयाने 1843 मध्ये मानलं, टेक्सासच्या 1904 मध्ये. भूगर्भातलं पाणी कसं फिरतं हे तेव्हा गूढच समजलं जाई. स्पेनने 1985 च्या कायद्याने भूजल सार्वजनिक केलं. कॅलिफोर्नियाच्या 2014 च्या कायद्याने स्थानिक संस्थांना उपसा आणि पुनर्भरण यांचा मेळ घालायला वीसेक वर्षं दिली.

आपल्याला कोणता नियम लागू आहे ते विचारून घ्या: विहिरीची नोंदणी, खोलीची मर्यादा, पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासूनचं अंतर, मीटरची सक्ती. शेजारच्या नव्या बोअरला हरकत घ्यायची असेल तर “पाणी आटलं” एवढं म्हणून भागत नाही, तारीखवार आकडे लागतात.

स्वतः बोअर घेत असाल, तर किती फुटांवर कोणता थर लागला ते मशीन चालू असतानाच टिपून घ्या. गाडी गेली की ते कुणालाच आठवत नाही.