कलेचा इतिहास लिहिणारे आणि कला जपणारे, दोघांचा सत्कार एकाच स्टेजवर कसा करायचा

तीन वर्षांपूर्वी आमच्या छोट्याशा मंडळाने नागपूरच्या महाल भागातल्या एका हॉलमध्ये जुन्या भित्तिचित्रांवर लिहिणाऱ्या एका अभ्यासकांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, मानपत्र सगळं झालं, आणि ज्या ताईंनी त्याच भिंतीसमोर दोन हिवाळे मचाणावर बसून काजळी काढली होती त्या तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवून राहिल्या होत्या. मानपत्रात त्यांचं नावच नव्हतं. ते मला अजून टोचतं. तेव्हापासून आम्ही सत्काराची पद्धतच बदलली, ती इथे लिहून देतो, वर्धा-अमरावतीकडे कुणाला असं काही सुरू करायचं असेल तर कामी येईल.

सगळ्यात आधी हे पक्कं करा की सत्कार नेमका कशाचा. नुसत्या पुस्तकाचा नाही, नुसत्या साफसफाईचाही नाही, दोन्ही जिथे एकमेकांत गुंतलंय त्या कामाचा. अमेरिकेत कॉलेज आर्ट असोसिएशन ही कलेच्या अभ्यासकांची संस्था १९९० पासून नेमक्या अशाच कामासाठी पुरस्कार देत आलीय, म्हणजे कल्पना काही नवीन नाही, आपल्याकडे तिची सवय नाही एवढंच.

आता असं काम ओळखायचं कसं? आमच्या फॉर्मवर एकच मोठा प्रश्न असतो: वस्तू जपताना हाताला काय लागलं, आणि त्यामुळे इतिहासातलं कोणतं वाक्य बदललं? याचं उत्तर देता आलं नाही तर काम कितीही मेहनतीचं असो, ते या पुरस्काराचं नाही, त्याच्यासाठी दुसरे पुरस्कार आहेत.

अजिंठ्याचंच घ्या ना. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी असे दोन जाणकार आणले, त्यांनी सुटत चाललेले रंग धरून ठेवायला चित्रांवर लाखेचं व्हार्निश चढवलं, त्या काळच्या समजुतीने ते ठीकच होतं, पण पुढे ती लाख पिवळी पडली, काळवंडली. म्हणजे मधली कितीतरी वर्षं लोक अजिंठ्याच्या रंगांबद्दल जे लिहीत होते ते त्या लाखेतून बघून लिहीत होते! पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी हे थर हळूहळू काढले तेव्हा खालचे रंग मोकळे झाले. तिथला निळा लाजवर्द नावाच्या दगडाचा आहे, आणि लाजवर्द येतो अफगाणिस्तानाकडून, म्हणजे एका रंगाच्या कणाने व्यापाराची अख्खी वाट दाखवली. आपल्या रामटेकलाही केवल नरसिंहाच्या देवळात १९८० च्या दशकात डागडुजी करताना भिंतीवरचे थर निघाले आणि खाली वाकाटक काळातला शिलालेख सापडला. तो वाचणारे वेगळे आणि भिंत सांभाळणारे वेगळे, पण एकाशिवाय दुसऱ्याचं काम झालंच नसतं.

नॉमिनेशनसोबत जपणुकीच्या कामाचा रिपोर्ट मागायचाच, पुस्तक नंतर. त्यात कामाआधीचे आणि नंतरचे फोटो हवेत, कोणतं द्रव्य किती वापरलं ते हवं, आणि कुठे हात लावला नाही तेही हवं. ते शेवटचं मी सर्वात आधी वाचतो. मघाशी सांगितलेल्या ताईंच्या रिपोर्टमध्ये एक पान होतं: काडीला कापसाचा बोळा गुंडाळून, ओला करून, पिळून, भिंतीवर घासायचा नाही, लाटल्यासारखा फिरवायचा, काळा झाला की टाकायचा आणि नवा घ्यायचा. आधी कोपऱ्यात नखाएवढ्या जागेत चाचणी. किनारीजवळ बोळ्यावर काजळीसोबत हिरवा उतरायला लागला तशा त्या तिथेच थांबल्या, आणि त्या हिरव्याखाली लाल रेघ दिसली. अभ्यासकांनी ती किनार मूळची धरली होती, ती नंतरची निघाली. पुस्तकात तो मुद्दा आला, पण ताईंचे आभार फक्त एका ओळीत.

एक गोष्ट मात्र कडक ठेवा. जुन्या मूर्तीला ऑइल पेंट मारून कुणी जीर्णोद्धार म्हणत असेल तर त्या कामाला शाल देऊ नका, भावना कितीही खरी असली तरी. दुरुस्तीत नव्याने भरलेला भाग जवळून पाहिल्यावर नवा म्हणून ओळखू आला पाहिजे आणि उद्या काढताही आला पाहिजे.

ज्युरीत तिघं पुरेत: एक इतिहासवाले, एक कन्झर्व्हेशनवाले म्हणजे जुन्या वस्तू जपणारे, आणि एखाद्या कॉलेजातले केमिस्ट्रीचे सर किंवा मॅडम. रक्कम मोठी नसली तरी चालते, पण ती दोघांत सारखी वाटायची आणि मानपत्र एकच, त्यात दोन्ही नावं सारख्याच अक्षरात.

भाषणांना दहा मिनिटं, आणि काम करणाऱ्यांना फोटो दाखवत बोलायला पाऊण तास. लोक कंटाळतील म्हणून आम्ही घाबरलो होतो, उलट प्रश्नच थांबेनात. पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्हाचे पैसे वाचवून रिपोर्टचं मराठी करून घ्या, वीस प्रती काढा, एक गावच्या वाचनालयात, एक जिथली वस्तू आहे त्या देवळात किंवा वाड्यात ठेवा. कार्यक्रम जमलं तर त्या भिंतीसमोरच घ्या, म्हणजे नागपूरच्या हिशेबाने डिसेंबर किंवा जानेवारीत, मे महिन्यात तिथे कुणी उभंही राहू शकणार नाही. आणि भिंतीजवळ समई लावू नका, दीपप्रज्वलन बाहेर अंगणात करा.