मुंढा अर्धा इंच वर

लोकलच्या लेडीज डब्यात कडी धरायला एखादी हात वर करते आणि अख्खा कुर्ता हाताबरोबर वर चढतो. मग उरलेल्या हाताने ती साइड कट खाली ओढत राहते. अशा वेळी मी तिच्या मुंढ्याकडे, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईकडे, बघत असते. काखेखाली मुंढा जितका खोल, तितका हात उचलल्यावर कुर्ता जास्त उचलला जातो. मोकळं वाटावं म्हणून खोल कापलेला मुंढाच बाईला जखडून ठेवतो. कॉलेजात हे कुणीतरी शिकवलं असणार, पण मला कळलं ते ठाणे ते दादर उभ्याने जाताना.

मी मूळची इचलकरंजीची. सूत, पन्हा, ग्रे कापड हे शब्द घरात ऐकतच वाढले, त्यामुळे कापडाची भीती नव्हती. गेली 14 वर्षं मुंबईत बायकांचे तयार कुर्ते, ट्यूनिक आणि हल्ली को-ऑर्ड सेट करते. या क्षेत्रात यायचं म्हणणाऱ्या मुली मला स्केचबुक दाखवतात. त्यातली बाई नऊ-दहा डोक्यांइतकी उंच असते. फॅशन इलस्ट्रेशनची ती रीतच आहे, चूक नाही. पण खरी बाई साधारण साडेसात डोक्यांची असते, आणि पगार आपल्याला तिच्यासाठी मिळतो.

बुटीकवाली आणि रेडीमेडवाली डिझायनर यांच्यात मोठा फरक आहे, आणि तो अॅडमिशन घेण्याआधीच समजून घ्या. बुटीकमध्ये बाई समोर उभी असते, माप घेता येतं, ट्रायल होते, उसवून परत शिवता येतं. रेडीमेडमधली गिऱ्हाईक तुम्हाला कधीच भेटत नाही. ती नांदेडला असेल, न्यू जर्सीला असेल, ट्रायल रूममध्ये एकटी असेल. तिथे तिला कुर्ता काखेत काचला तर ती तुम्हाला फोन करत नाही, तो हँगरला परत अडकवते. ऑनलाइन घेतलेला असेल तर परत पाठवते, आणि रिटर्नच्या कारणात ‘साइज इश्यू’ एवढे दोन शब्द आपल्यापर्यंत पोहोचतात. त्यावरून नेमकं कुठे चुकलं ते शोधणं, हे आमचं निम्मं काम.

हे क्षेत्र आपल्याकडे तसं अलीकडचं. शॉपर्स स्टॉपचं अंधेरीतलं पहिलं दुकान 1991 चं. मीना बिंद्रांचं ‘बिबा’ हे तयार कपड्यांचं लेबल बँकेच्या 8,000 रुपयांच्या कर्जावर घरातून सुरू झालं. डिझायनर अनिता डोंगरेंनी 1995 मध्ये मुंबईत सुरुवात केली ती दोन शिलाई मशिनवर. त्याआधी बहुतेकींच्या घरी कापड घ्यायचं आणि टेलरकडे टाकायचं, हीच पद्धत. म्हणून आपल्याकडे बायकांच्या मापांची एक ठरलेली पट्टी कधी तयारच झाली नाही. एका ब्रँडची एम ती दुसऱ्याची एल, हे तुम्ही दुकानात अनुभवलंच असेल. निफ्टने, म्हणजे फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने, ‘इंडियासाइज’ नावाचा प्रकल्प हाती घेतला तो यासाठीच: सहा शहरांत थ्रीडी स्कॅनरने 25,000 लोकांची मापं घेण्याचा. तशी पट्टी सर्रास वापरात येईपर्यंत प्रत्येक कंपनी आपापला साइज चार्ट बाळगून असते, आणि तो तिजोरीतल्या दागिन्यासारखा जपते.

या साइज चार्टानेच मला पहिला फटका दिला.

नोकरीचं दुसरं वर्ष. रेयॉनचा साधा कुर्ता, गोल गळा, पाऊण बाही, ऑर्डर 1,200 नगांची. एम साइजचं सॅम्पल डमीवर सुंदर बसलं, मंजूर झालं. मग स्पेक शीट भरायची होती: एम ची तयार मापं आणि पुढच्या प्रत्येक साइजला किती वाढवायचं ते. छाती दर साइजला 2 इंच, शोल्डर अर्धा इंच. खालची ओळ गळ्याच्या रुंदीची. तिथे पाव इंच हवा होता. एक्सेलमध्ये मी शोल्डरचा अर्धा इंच खाली ओढला आणि तो गळ्याच्या ओळीतही उतरला. बरं, हा अर्धा इंच पूर्ण गळ्याचा की घडीवरचा, हेही लिहिलं नाही. पॅटर्न, म्हणजे कापायचा कागदी साचा, तर अर्ध्या अंगाचाच कापतात, कापडाच्या घडीवर ठेवून. कटिंग बघणाऱ्या मास्टरजींनी अर्धा इंच घडीवर वाढवला, म्हणजे उघडल्यावर एक इंच. एम चा गळा 7 इंच होता. एल 8, एक्सएल 9, डबल एक्सएल 10. नीट झालं असतं तर डबल एक्सएल पावणेआठला थांबली असती.

सव्वादोन इंच. ऐकायला काही वाटत नाही. एक पट्टी घ्या आणि आपल्याच खांद्यावर ठेवून बघा. ब्राची पट्टी उघडी पडते, आणि हात हलवला की एक खांदा घसरतो.

माल शिवून, काज-बटण होऊन, प्रेसला गेल्यावर हे लक्षात आलं. मी रडकुंडीला आलेली, आणि मास्टरजी चहा पीत म्हणाले, “मॅडम, औरत मोटी होती है, उसकी हड्डी थोड़ी मोटी होती है.” ग्रेडिंगचं, म्हणजे एका साइजवरून बाकीच्या साइज काढण्याचं, अख्खं पुस्तक त्या वाक्यात आहे. छाती, कंबर, सीट वाढते, खांदा थोडासा, गळा जेमतेम. शेवटी मोठ्या साइजच्या मागच्या गळ्याला दोरी आणि लटकन लावून माल वाचवला. एका दुकानदाराने विचारलं, लहान साइजला लटकन का नाही? मी म्हटलं, डिझाइन आहे.

तेव्हापासून मी ‘साइज सेट’ पाहिल्याशिवाय कटिंगला हो म्हणत नाही. साइज सेट म्हणजे प्रत्येक साइजचा एकेक नग शिवून, त्या त्या मापाच्या जिवंत बाईच्या अंगावर चढवून बघणं. डमी बसत नाही, वाकत नाही, रिक्षात चढत नाही. आमच्या अकाउंट्समधल्या ताई डबल एक्सएल घालतात. त्यांनी “इथे ओढतंय गं” म्हटलं की त्या जागी टाचणी लागते.

आता कापड. रेयॉन हातात घेतलं की मऊसूत पडतं, आणि धुतलं की आक्रसतं. चाचणी सोपी आहे, घरीही करता येते. 50 बाय 50 सेंटिमीटरचा चौकोन पेनाने आखा, धुवा, वाळवा, इस्त्री करा, मोजा. 50 चे 47 झाले तर आक्रस 6 टक्के, आणि 46 इंची कुर्ता पहिल्या धुण्यात पावणेतीन इंच वर जाणार. मग कापड आधी धुऊन घ्यायचं की पॅटर्नमध्ये वाढ धरायची, ते ठरवता येतं. व्यापारी ‘प्रीश्रंक आहे मॅडम’ म्हणतोच. तरी चौकोन आखा.

हिशेबाचा कंटाळा असेल तर हे क्षेत्र त्रास देईल. एका कुर्त्याला कापड 2.40 मीटर, भाव 95 रुपये, म्हणजे 228. कटिंग, शिलाई, फिनिशिंग 140. बटणं, लेबल, टॅग, पिशवी 22. वाया जाणारं आणि वरखर्च धरून 420 च्या घरात. हाच कुर्ता 1,499 च्या टॅगने लटकतो तेव्हा घरचे म्हणतात, काय लुटता गं! मधला दुकानदाराचा हिस्सा, सेलमधली सूट, न खपलेला माल, परत आलेला माल, टॅक्स, हे त्यांना दिसत नाही. मार्कर, म्हणजे कापडावर तुकड्यांची मांडणी, नीट लावून नगामागे 10 सेंटिमीटर कापड वाचवलं, तर 1,200 नगांत 120 मीटर, म्हणजे 11,400 रुपये. बायका खिसा मागतात आणि कंपन्या देत नाहीत, त्याचं कारणही याच हिशेबात आहे: चार तुकडे कापड आणि जादा शिलाई. मी खिशासाठी भांडते. निम्म्या वेळा हरते.

टॅगची किंमतही कुणी हवेतून काढत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी 5 टक्के, त्याहून महाग कपड्यावर 18. पूर्वी ही रेघ 1,000 रुपयांवर होती. रेघ सरकली की आमच्याकडे अस्तर, भरतकाम, कापडाचा दर्जा, सगळ्याची फेरजुळणी होते.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. निफ्ट 1986 साली दिल्लीत सुरू झालं, मुंबईचं केंद्र खारघरला आहे. प्रवेशाला लेखी आणि चित्रकलेची परीक्षा, मग सिच्युएशन टेस्ट. त्यात दिलेल्या साहित्यातून हाताने वस्तू करायची असते. तिथे पाठ केलेली चित्रं कामाला येत नाहीत. त्यांचा अपॅरल प्रॉडक्शनचा वेगळा कोर्स आहे, विज्ञान-गणितवाल्यांनी तो जरूर बघावा. निफ्ट नाही मिळालं तर आभाळ कोसळत नाही. एसएनडीटी आहे, निर्मला निकेतन आहे, पुण्यात डिझाइनच्या संस्था आहेत. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: आयटीआयचा शिवणकामाचा एक वर्षाचा ट्रेड. माझ्या टीममधली सगळ्यात चांगली पॅटर्नवाली मुलगी तिथून आली आहे. ती मांजरपाटावर, म्हणजे साध्या स्वस्त सुती कापडावर, कच्ची शिवण घालून तासाभरात चूक दाखवते. आम्ही पदवीवाल्या तोवर लॅपटॉपच उघडत असतो. इलस्ट्रेटर, एक्सेल आणि जमल्यास एखादं थ्रीडी सॉफ्टवेअर शिकून घ्या, पण मांजरपाट सोडू नका.

काम सीझनच्या फार आधी चालतं. दिवाळीचे कुर्ते होळीच्या आसपास कागदावर आलेले असतात. त्यात आपल्या मुंबई-पुण्याची खास भानगड म्हणजे नवरात्राचे नऊ रंग. वारानुसार क्रम फिरतो, एखादा रंग बदलतो, आणि दिल्लीच्या हेड ऑफिसला हे समजावताना नाकी नऊ येतात. एकदा मी राखाडी रंगाचे जास्त नग मागितले तर तिकडून प्रश्न आला, सणाला राखाडी कोण घालतं? मी म्हटलं, त्या दिवशी सकाळी चर्चगेटला या.

पोर्टफोलिओत मला काय हवं असतं? रॅम्पवरचे गाऊन नकोत, ते मी चाळून बाजूला ठेवते. एक साधा कुर्ता असू दे, पण त्याची मापं, शिवणीची माहिती, लागलेलं कापड आणि अंदाजे किंमत असू दे. पहिलं फसलेलं सॅम्पल आणि दुरुस्त केलेलं, दोन्हींचे फोटो असतील तर मी खुर्ची पुढे ओढते. सुरुवातीचा पगार तुमच्या फीच्या मानाने हिरमोड करणारा असतो. मला 12,000 मिळत होते आणि त्यातले बरेच पेइंग गेस्टच्या भाड्यात जात. पहिल्या दोन वर्षांत नोकरी निवडताना पाटीपेक्षा एवढंच बघा की कटिंग टेबल त्याच इमारतीत आहे का. नुसत्या डिझाइन स्टुडिओत बसलात तर कुर्ता आतून उलटा कसा दिसतो हे कळायला फार वेळ लागतो.

आणि टेप घेताना फायबरग्लासचा घ्या. स्वस्तातले टेप वापरून ताणले जातात. दर दोन-तीन महिन्यांनी स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा. माझा एक लाडका पिवळा टेप 60 इंचांत अर्धा इंच खोटं बोलत होता, आणि मी वर्षभर त्याच्या भरवशावर कारागिरांशी वाद घालत होते.