पाण्याला वास येतोय, पण सांगणार कोण? दूषित पाण्याच्या संकटात यंत्रणांनी या चुका टाळा

"नळाच्या पाण्याला कसलातरी वास येतोय" हा पहिला फोन बहुधा पंचाला जातो. पंच कनिष्ठ अभियंत्याला कळवतो, अभियंता लाइनमनला पाठवतो, लाइनमन नमुना घेऊन प्रयोगशाळेत येतो. तोवर वाड्यावर (गावातल्या वस्तीत) त्याच पाण्याचा चहा होऊन गेलेला असतो. पाणी तपासणीच्या कामात मी बरीच वर्षे काढली आणि हा क्रम पुन्हा पुन्हा पाहिला. यात कामचुकार कोणी नसतो. ज्याचे त्याचे काम जो तो करतो. फक्त "आत्ता हे पाणी पिऊ नका" असे सांगणे कोणाच्याच कामात लिहिलेले नसते.

अहवाल येईपर्यंत थांबणे

माझ्या मते ही सर्वांत महागडी चूक. जंतूंच्या तपासणीला किमान एक दिवस लागतो; गावात वापरायची एच-टू-एसची बाटली (पाणी दूषित असेल तर काळी पडणारी साधी चाचणी) काळी पडायला 24 ते 48 तास जाऊ शकतात. एका पावसाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे एका गावाचा नमुना आला. रविवारी तो दूषित निघाला. नियमाप्रमाणे अहवाल नमुना पाठवणाऱ्या कार्यालयाला जायचा, तो सोमवारी आवक नोंदवहीत चढला. त्याच गावाच्या आरोग्य केंद्रात शनिवारपासून जुलाबाचे रुग्ण येत होते. त्यांना पाण्याचे माहीत नव्हते, आम्हाला रुग्णांचे. मी रविवारीच वैद्यकीय अधिकाऱ्याला फोन करायला हवा होता. केला नाही, याची खंत आजही आहे.

कॅनडातील वॉकर्टन गावात मे 2000 मध्ये हेच फार भयंकर रूपात घडले. प्रयोगशाळेने दूषित पाण्याचा अहवाल पाणीपुरवठा करणाऱ्यांना दिला, आरोग्य विभागाला नाही. आणि पुरवठा करणारे "पाणी ठीक आहे" असेच सांगत राहिले. सुमारे 2,300 लोक आजारी पडले, 7 जण दगावले.

म्हणून कशावरून सूचना काढायची, हे आधीच लिहून ठेवावे. लाइनच्या टोकाला शिल्लक क्लोरीन लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या खाली गेला आणि पाणी गढूळ दिसले. एकाच वाड्यावर दोन-तीन घरांत जुलाब सुरू झाले. इंधनाचा वास आला: यातले एकही झाले तरी सूचना लगेच निघावी, नमुने नंतर तपासावेत. आणि दूषित अहवाल कागदावर जाण्याआधी फोनवर तिघांना जावा: अभियंता, वैद्यकीय अधिकारी, मामलेदार. सूचना चुकीची ठरली तर लोकांनी एक दिवस विनाकारण पाणी उकळले किंवा टाळले, एवढेच होईल.

प्रत्येक वेळी "उकळून प्या"

उकळण्याने जंतू मरतात. पेट्रोल, कीटकनाशक, रंगाचे रसायन त्याने जात नाही. ऑगस्ट 2024 मध्ये गोव्यातील माटवे-दाबोळी परिसरात विहिरींच्या पाण्यात इंधन आढळले. असे पाणी चुलीवर ठेवले तर वाफा स्वयंपाकघरातच पसरतात, पेट घेण्याचीही भीती असते. तिथे "उकळून प्या" ही सूचना नुसती निरुपयोगी नाही, घातक आहे.

सूचना तीन प्रकारच्या हव्यात. "उकळून प्या" ही जंतूंसाठी. "पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका" ही दुसरी. हिच्यात इतर कामे चालतात. आणि "अजिबात वापरू नका" ही तिसरी, जिच्यात संडासात ओतण्यापलीकडे काहीच नाही. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात 9 जानेवारी 2014 रोजी एल्क नदीत रसायन सांडले, तेव्हा सुमारे 3 लाख लोकांसाठी ही तिसरी सूचना काढावी लागली. गोव्यात तिन्हींचे मसुदे मराठी, कोकणी आणि इंग्रजीत तयार असावेत. कामगार वस्त्यांसाठी हिंदी आणि कन्नडमध्येही. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पण रात्री दोन वाजता सही कोण करणार, त्याचा हुद्दा आणि त्याच्या मागे दुसरा कोण, हे आज ठरलेले हवे.

फक्त आपल्या हद्दीपुरते बघणे

ओपाचा जलशुद्धीकरण प्रकल्प खांडेपार नदीचे पाणी घेतो आणि फोंडा-तिसवाडीला देतो. त्याच नदीच्या वरच्या खोऱ्यात मोलेतून अनमोड घाटाचा रस्ता जातो. तिथे रसायनाचा टँकर उलटला तर पोलीस वाहतूक सोडवतील, अग्निशमन दल रस्ता धुऊन काढेल आणि धुतलेले सगळे व्हाळात (ओढ्यात) जाईल. ओपाच्या पंपघराला फोन कोण करणार? पंप काही तास बंद ठेवले तर तो लोट खाली निघून जाऊ शकतो. पण त्यासाठी तो तिथे पोचण्याआधी निरोप पोचला पाहिजे.

तिळारी धरणाचे पाणी तर महाराष्ट्रातून राज्याची सीमा ओलांडून येते. दोडामार्ग तालुक्यात कालव्यात काही पडले, तर पेडणे-बार्देशच्या पाण्याशी त्याचा थेट संबंध आहे. दोडामार्गच्या तहसीलदारांचा आणि कालवा विभागाचा नंबर आपल्या शुद्धीकरण प्रकल्पाच्या भिंतीवर असावा, आणि आपला त्यांच्याकडे. जानेवारी 2023 मध्ये पिळर्ण औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्याला मोठी आग लागली होती. अशा आगीवर मारलेले पाणी कोणत्या विहिरींकडे झिरपेल, हा प्रश्न आग विझायच्या आधी विचारायचा असतो.

मिळेल त्या बाटलीत नमुना

छोटी वाटणारी, पण पुढचे सगळे बिघडवणारी चूक. जंतूंसाठी निर्जंतुक बाटलीच लागते, आणि ती थंड ठेवून पोचवावी लागते. इंधनाची शंका असेल तर काचेची बाटली, काठोकाठ भरलेली. प्लास्टिकच्या अर्ध्या बाटलीतून वास उडून जातो आणि अहवाल कोरा येतो. शिवाय नेहमीची प्रयोगशाळा क्लोरीन, गढूळपणा, जंतू पाहते. पेट्रोलियमचा अंश मोजायला वेगळी यंत्रे लागतात. असा नमुना कुठे न्यायचा, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाशी बोलून आधीच ठरवावे.

टँकर आला म्हणजे झाले

ऑगस्ट 2019 मध्ये खांडेपारला जलवाहिन्या फुटल्या, तेव्हा पणजी आणि तिसवाडीचे लोक कित्येक दिवस टँकरवर होते. अशा वेळी टँकर कोणत्या विहिरीवर भरला आणि आधी त्यात काय नेले होते, याची नोंद ठेवा. भरतानाच क्लोरीन घाला, अर्धा तास जाऊ द्या, मग लिटरला निदान 0.5 मिलिग्रॅम शिल्लक आहे का ते पाहून सोडा.

लाइन साफ झाली, तरी तक्रारी येतातच

लाइनमध्ये दोष शोधत बसण्याआधी घरांच्या टाक्या पाहा. जुने पाणी सम्पमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) आणि गच्चीवरच्या टाकीत साठलेले असते. "आता पाणी चांगले आहे" या निरोपातच टाकी रिकामी करून धुवा, फिल्टरची कँडल बदला, हे सांगितले पाहिजे.

विहिरींसाठी साधारण माप हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर आणि एक तास वाट. पण पावडर ताजी हवी. आपल्या दमट हवेत उघडी पडलेली गोणी पावसाळ्यातच निकामी होते. इंधन पडलेल्या विहिरीत तर ती टाकूच नये.

सरावही हवा, पण कार्यालयीन वेळेत सभागृहात बसून नव्हे. चतुर्थीच्या सुट्टीत, रात्री, यादीतल्या प्रत्येक नंबरवर एकदा फोन लावून पाहा. बदली होऊन गेलेल्या साहेबाचा नंबर निघाला, तर तो तिथेच खोडून नव्या माणसाचा लिहा आणि शेजारी तारीख घाला.