तळपायावरचा काळा डाग: तीळ, कुरूप की आणखी काही, कसं बघायचं

निफाडला माझ्या मामांच्या टाचेवर काळा डाग होता, द्राक्षबागेत अनवाणी हिंडणारा माणूस, त्यामुळे सगळ्यांनी कुरूपच धरलं, आठ महिने कॉर्न कॅप लावल्या आणि शेवटी बायोप्सीत (तुकडा काढून केलेल्या तपासणीत) मेलानोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर, निघाला. म्हणून सांगतेय.

आपल्याकडे हा कॅन्सर कमी दिसतो, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली, जिथे ऊन फारसं लागतच नाही. म्हणजे चेहऱ्यावरचे तीळ बघून भागत नाही, अंघोळीनंतर पाय उलटा करून टाचा, बोटांच्या बेचक्या, नखं सगळं बघा. घरातल्या म्हाताऱ्यांचं तुम्ही बघा, त्यांना वाकता येत नाही.

डागाचे दोन भाग सारखे नाहीत, कडा वेडीवाकडी, एकाच डागात काळा-तपकिरी-निळसर रंग, आकार 6 मिमीच्या वर, ही लक्षणं. पण मुख्य म्हणजे तो बदलतोय का, आणि ते डोक्यात राहत नाही, तर शेजारी मोजपट्टी ठेवून मोबाईलवर फोटो काढा, महिन्याने त्याच उजेडात परत काढा. रक्त येत असेल, चिघळत असेल तर मात्र महिना थांबायचं नाही. काही मेलानोमा गुलाबीच असतात, काळे नाहीतच, त्यामुळे न भरणारी जखमही दाखवा.

नखाचं जरा अवघड आहे. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं, पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिमी वाढतं, मागून स्वच्छ नख येतं. सावळ्या माणसांना बऱ्याच नखांवर उभ्या रेघा असतात, त्या बहुतेक साध्याच. पण एकाच नखावर काळी पट्टी आली, रुंद होत चालली, काळेपणा बाजूच्या कातडीवर उतरला, तर लगेच जा.

कुठे? स्किनच्या डॉक्टरांकडे, सिव्हिलला गेलात तरी चालेल. ते डर्मोस्कोपने (कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) बघतील, पण नुसत्या नजरेने अनुभवी डॉक्टरही फसतात, खात्री बायोप्सीनेच होते. चुना-सोडा लावून किंवा लेझरने तीळ जाळून घेऊ नका प्लीज, तपासायचा तुकडाच जळून जातो, आणि पुढची ट्रीटमेंट तर बरीचशी तो किती मिमी खोल गेलाय यावर ठरते. तीळ काढला तर "पॅथॉलॉजीला पाठवला का?" हे विचारा आणि रिपोर्ट हातात घ्या. सुरी लागली की कॅन्सर पसरतो असं आमच्याकडेही सगळे म्हणत होते, बायोप्सीने तो पसरत नाही, या भीतीपायीच मामांचे आणखी दोन महिने गेले.