सागवानी पेटी हाताने बनवताय? या चुका टाळा (माझ्या सगळ्या करून झाल्यात)

नागपूरच्या लकडगंजातून फळ्या आणल्या, करवत-रंधा काढला की दोन रविवारात पेटी तयार, असंच वाटतं, मलाही वाटलं होतं. पहिली पेटी मी ऐन नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) केली, झाकण आतल्या बाजूला असं टाइट बसवलं की कागदही जाणार नाही, लय खुश होतो, आणि जुलैत पाऊस लागला तर झाकण उघडेचना, शेवटी पटाशी घालून उचकटलं तर कडेचा टवकाच निघाला.

काहून अडकलं? लाकूड त्याच्या तंतूंच्या रेषेला आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. पेटीच्या चारी भिंतींची रेषा आडवी, म्हणून तोंडाचं माप तेच राहतं आणि झाकणाची फळी मात्र रुंदीत वाढते. म्हणून उन्हाळ्यात करत असाल तर फूटभर रुंदीला एक सूत (इंचाचा आठवा भाग) तरी मोकळं सोडा. तळाची फळीसुद्धा खाचेत नुसती सरकवायची, फेविकॉल बिलकुल नाही, नाहीतर ती कुठूनतरी तडकणारच. पावसाळ्यात करून राहिले असाल तर उलटं, ती खाचेत खोलवर जाऊ द्या, म्हणजे मे महिन्यात आकसली तरी फट दिसत नाही.

झाकण वाकू नये म्हणून मागून आडपट्टी मारतात ना, ती चिकटवू नका. पट्टीतली टोकाची भोकं लांबट ठेवून स्क्रू मारा, फळीला हलायला जागा राहते.

डव्हटेलमध्ये (कोपऱ्यात दातांत दात अडकवून केलेल्या जोडात) फट येते कारण आपण करवत रेघेवरच चालवतो. रेघ शाबूत ठेवायची, जो भाग काढून टाकायचाय त्या बाजूने कापायचं, उरलेलं पटाशीने. पटाशी दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी मारा, एकाच बाजूने आरपार ठोकलं की पलीकडे टवके निघतात. फट आलीच तर भुसा-फेविकॉल भरू नका, पॉलिश केल्यावर तो डाग उठून दिसतो, त्याच लाकडाची पातळ चीप घालून वरून सपाट करा. आणि शिकंजा आवळल्याबरोबर दोन्ही कर्ण मोजा, एकदा सुकल्यावर तिरकी पेटी सरळ होत नाही बाप्पा.

सागवान तेलकट असतं, त्यामुळे जुना रंधलेला भाग तसाच चिकटवला तर जोड सुटू शकतो. आधी ताजा रंधा मारा किंवा थिनरने पुसून घ्या. फळीच्या कडेचं पांढरं लाकूड स्वस्तात मिळतं म्हणून घेऊ नका, कीड तिथूनच लागते.

पितळी स्क्रू सरळ सागवानात पिळला की डोकं तुटतं. भोक पाडा, आधी त्याच मापाचा लोखंडी फिरवून काढा, मग पितळीला मेण लावून बसवा. आतून जवसाचं तेल लावू नका, कपड्यांना वास लागतो, चपड्याचं (लाखेचं) पॉलिश बरं. बाहेरून तेल लावलंत तर ते फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात, बाहेर पसरून वाळवा.

आणि हो, माझ्या दुसऱ्या पेटीचं झाकण मेमध्येच एका कोपऱ्यातून उचललं गेलं, सगळे जोड तपासले, काही सापडेना, मग लक्षात आलं, कूलरची ओली हवा थेट त्याच बाजूवर येऊन राहिली होती.