अण्णांच्या खाकी शर्टाची उशी शिवताना मी केलेल्या चुका, तुम्ही टाळा

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर. ते गेले तसं दहाव्याच्या आतच मोठी माणसं म्हणायली कपडे देऊन टाका, मी तीन शर्ट आन दोन पँटी लपवून ठेवल्या, चार महिन्यांनी कात्री हातात घेतली आन पहिल्याच शर्टाची वाट लावली.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कुणाला न विचारता कापायला बसले. आईला आख्खा शर्ट पाहिजे होता, भावाला खिसा, आन मी तोवर दोन्ही बाह्या उतरवून मोकळी. आधी विचारा. आन एक शर्ट न धुता तसाच घडी घालून ठेवा, वास एकदा धुतला की परत येत नसतो बगा.

मग कापड. खाकी सगळी सारखीच दिसती पण एखादा शर्ट सुती असतो, एखादा टेरिकॉट, म्हणजे सुतात पॉलिस्टर मिसळलेला. टेरिकॉटवर कडक इस्त्री टेकवली की चमक येती, अजून तापली तर कापड वितळून इस्त्रीलाच चिकटतं, माझी कॉलर तशीच गेली. इस्त्री कमी ठेवा, कापड उलटं करा, वर ओलं सुती फडकं. सुती आन टेरिकॉट जोडायचं असलं आन सुती तुकडा नवा, न धुतलेला असला तर तो रात्रभर भिजवून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आन शिवणीवर चुण्या पडतात. उसवून परत मारू म्हणाल तर टेरिकॉटला सुईची भोकं तशीच राहतात, म्हणून आधी हातानं कच्चा टाका, म्हणजे लांब लांब टाके घाला, मशीन नंतर.

शर्ट उजेडासमोर धरून बघा. अण्णांच्या खांद्यावर पैशाच्या बॅगचा पट्टा असायचा, तिथलं कापड पार जाळीवाणी झालेलं, आन मला नेमका तोच तुकडा पाहिजे होता. तसाच शिवला तर टाक्यापाशी फाटला. नंतर आईच्या जुन्या सुती लुगड्याचं अस्तर मागून लावलं, मग टिकला.

सुई मोडायली तर पँटीची जाड शिवण मशीनखाली येत असंल. ती कापून बाजूला काढा, नाहीच जमलं तर 16 नंबरची सुई लावा आन चाक हातानं फिरवा. खालून दोऱ्याचा गुंता व्हायला तर बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो, मशीनचा फूट, म्हणजे कापड दाबणारी पट्टी, वर करून दोरा पुन्हा ओवा.

बिल्ला धुवायच्या आधी काढा, पिन गंजली की डाग सहजी जात नाही. शाईच्या डागाला ब्लीच लावू नका, मी लावलं, खिशावर पांढरा पट्टा उमटला, शाई बरी होती.

कापूस शर्टाच्या कापडात ठासून भरू नका, जुनी शिवण तेवढा ताण घेत नाही. कापसाची खोळ वेगळी शिवा, वरून शर्टाचा अभ्रा, पाठीमागं चेन. किंवा शर्टाची बटनपट्टीच पाठीमागं घ्या, चेनचे पैसे वाचतात.