म्हातारं माणूस घरात असलं की कुठल्या दारात जायचं, सोलापूरकरांसाठी

आमच्या गल्लीत एक अव्वा (म्हणजे आजी) आहेत, जन्मभर विडी वळली, त्यांचं आयुष्मान कार्ड, म्हणजे फुकट उपचाराचं सरकारी कार्ड, काढायला मी सोबत गेले होते तर अंगठाच उठेना. चार वेळा पुसून लावला, ओला करून लावला, नाही म्हणजे नाही. विडी वळून वळून रेषाच गेल्यात की हो बोटावरच्या. खिडकीवरचा म्हणाला उद्या या, उद्या गेलो तर परवा या. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या सेंटरवरच्या पोराने सांगितलं की अंगठा नसला तर आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, नाहीतर डोळ्याचं किंवा चेहऱ्याचं स्कॅन चालतं. दहा मिनिटात काम झालं. तेव्हापासून मी कुणालाही हेच सांगते, योजना शोधत बसायच्या आधी आधार बघा. मोबाईल नंबर जोडलाय का आणि तो नंबर चालू आहे का, जन्मतारीख बरोबर आहे का, आणि आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक तिन्हीकडे नाव एकच आहे का. आपल्याकडे तर हे फारच होतं, तेलुगू आडनाव एकीकडे एक स्पेलिंग, दुसरीकडे वेगळंच, कन्नड घरातही तेच. माणूस ॲडमिट झाल्यावर हे दुरुस्त करायला पळणं म्हणजे शिक्षा आहे, म्हणून तब्येत बरी असतानाच उरकून घ्या.

आता दारं. पहिलं दार म्हणजे आशाताई. खरंच सांगते, लोक डायरेक्ट मोठ्या दवाखान्यात पळतात आणि गल्लीतल्या आशाताईला ओळखत पण नाहीत. ३० वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी, शुगर, तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी माहिती भरून घेणं, तपासणीला पाठवणं हे त्यांच्या कामातच येतं (तंबाखू-मिश्रीवाल्यांनी तर तोंड दाखवाच). शहरात नागरी आरोग्य केंद्र, गावाकडे प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथे बीपी-शुगरच्या गोळ्या फुकट मिळतात. दर महिन्याच्या गोळ्यांसाठी मेडिकलमध्ये पैसे घालणाऱ्यांनी एकदा तिथे विचारून बघा, आणि तिथे नसेल ती गोळी जनऔषधी केंद्रात स्वस्त पडते. फक्त मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाला दुपारी लाईनीत उभं करू नका, सकाळीच जा, आपलं ऊन माहितीये ना.

मोठं दुखणं आलं तर दोन कार्डांची गोष्ट नीट समजून घ्या कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. वय ७० किंवा त्यावर असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड, ऑक्टोबर २०२४ पासून आहे, उत्पन्नाची अट नाही, श्रीमंत असो गरीब असो, आधारवर वय दिसलं की झालं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. नवरा-बायको दोघंही ७० च्या वर असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून, प्रत्येकी नाही. ७० च्या आतल्यांसाठी आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना, त्याला रेशन कार्ड लागतं. दोन्हीत एक गोष्ट लक्षात ठेवा, ओपीडीचा खर्च यात येत नाही, ॲडमिट व्हावं लागतं, आणि हॉस्पिटल योजनेत असावं लागतं, शिवाय ते ऑपरेशन त्या हॉस्पिटलच्या यादीत असावं लागतं. म्हणून हॉस्पिटलात शिरल्या शिरल्या बिलिंग काउंटरला नाही, आरोग्यमित्राच्या (योजनेचं काम बघणारा माणूस) टेबलाला जायचं. काही ठिकाणी ते टेबल अशा कोपऱ्यात असतं की सापडू नये म्हणूनच ठेवलंय असं वाटतं. "आधी डिपॉझिट भरा, योजनेचं नंतर बघू" असं कुणी म्हणालं तर तिथूनच फोन लावा, महात्मा फुलेसाठी १५५३८८, आयुष्मानसाठी १४५५५. फोन लावलाय एवढं दिसलं तरी कधीकधी सूर बदलतो, आमचा अनुभव.

सिव्हिलबद्दल एक सांगायचंय. सिव्हिल म्हणजे आपलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, तिथे समाजसेवा अधीक्षक नावाचं एक पद असतं, हे बऱ्याच जणांना माहितीच नाही. पैसे नाहीत, कागद अपुरे आहेत, पेशंटला कुणीच नाही, बाहेरून औषध आणायला सांगितलंय, अशा वेळी त्यांना जाऊन भेटायचं. कोणती मदत कुठून बसते ते त्यांना पाठ असतं. आणि अव्वांसारखी माणसं, ज्यांना मराठी कळतं पण दुखणं तेलुगूतच सांगता येतं, त्यांच्यासोबत घरातलं एक बोलणारं माणूस जायलाच पाहिजे, नाहीतर डॉक्टर विचारतात छातीत दुखतंय का आणि अव्वा नुसती मान हलवतात.

पैशाचं म्हणाल तर ६५ च्या वर श्रावणबाळ, आणि त्या आतल्या विधवा, दिव्यांग, निराधारांसाठी संजय गांधी निराधार. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. श्रावणबाळचे महिन्याला १,५०० रुपये थेट खात्यात येतात पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत लागतं. म्हणजे महिन्याला १,७५०! एवढ्यात कोण जगतंय हे नियम करणाऱ्यांनाच विचारा. उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, राज्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा हे सोबत ठेवा आणि अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मंजूर झाल्यावरही वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पैसे गपचूप बंद. विडी कामगारांची पीएफची पेन्शन असते तिचंही तसंच, तिथे आता मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, त्यामुळे अंगठ्याची भानगड नाही.

घरातलेच सांभाळत नसतील तर. हा विषय लोक दबक्या आवाजात काढतात म्हणून नीट लिहिते. २००७ चा कायदा आहे, आई-वडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा. अर्ज प्रांत ऑफिसला करायचा, कोर्टात नाही, साध्या कागदावर स्वतः लिहिला तरी चालतो. महिन्याला १०,००० पर्यंत निर्वाह भत्ता ठरवून देता येतो. मूलबाळ नसेल तर ज्या नातेवाइकाला मालमत्ता मिळणार आहे त्याच्यावरही ही जबाबदारी येते. आणि घर पोराच्या नावावर करणार असाल तर बक्षीसपत्रात "मला शेवटपर्यंत सांभाळायचं" ही अट लिहून घ्याच, पुढे त्याने हात वर केले तर या अटीच्या जोरावर ते रद्द करून घेता येतं. तोंडी शब्दावर घर देऊ नका, कितीही लाडका असला तरी. कुठे सुरुवात करावी कळत नसेल, किंवा शेजारच्या आजोबांचे हाल बघवत नसतील, तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, शेजाऱ्यानेही लावली तर चालते. मारहाण चालू असेल तर मात्र थेट ११२.

अजून एक, जी सून किंवा मुलगी रात्रंदिवस अंथरुणातल्या माणसाचं करते तिला कुणी विचारत नाही. चिडचिड, झोप नाही, रडू येतंय, असं होत असेल तर १४४१६ वर बोलता येतं, मनाच्या तब्येतीसाठीच आहे तो नंबर. आणि बाकीच्या घरच्यांनी आठवड्यातून एक दुपार तरी तिला मोकळी द्यावी, त्याला कुठला अर्ज लागत नाही.

एसटीचं राहिलंच. ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे फुकट. अव्वा ७६ च्या आहेत, गेल्या महिन्यात एकट्या पंढरपूरला जाऊन आल्या, आधार ब्लाऊजात ठेवून.